सहाव्या बोअरच्या फाइली

कीलुंग, ८ मे २०२३

मामा,

माझं अक्षर बघून दचकू नका, घरी सगळी ठीक आहेत. कागदावर लिहितेय, कारण ऑफिसच्या मेलवर काही लिहिलं की लियाओ साहेबांना ते पत्त्यावरच्या माणसाआधी कळतं. तुम्ही तिथे बावीस वर्षं काढलीत, तुम्हाला मी काय सांगायचं! आणि तुमच्या बेटावर फोन लावला की वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नाही.

मामींनी पाठवलेले शेंगदाणे पोचले. निम्मे ऑफिसात जुआंग दादांनीच संपवले. वर म्हणतात, "तुझा मामा फंगहूला जाऊन माणसांत आला गं. इथे होता तेव्हा दाणा कधी सुटला नाही त्याच्या हातून."

आता कामाचं. आपण डोंगरउतारांची मोजमापं घेतो, वर्षाच्या शेवटी प्रत्येक उताराच्या सगळ्या फाइलींचं एक गाठोडं बांधतो आणि जिल्हा कार्यालयाला देतो. त्यांनी यंदा नवा नियम काढलाय. फाइल कुणाच्या मालकीची, ती कोण वाचू शकतं, कोण बदलू शकतं, हे सगळं गाठोड्यात जसंच्या तसं राहायला हवं. गाठोडं बांधायचा प्रोग्राम तुमचा, तेव्हा दुरुस्ती भाचीच्या गळ्यात पडली.

वाचताना बरं वाटत होतं. तुमचा प्रोग्राम म्हणजे मामींचं स्वयंपाकघर, हात घालू तिथे हवी ती वस्तू. मग मध्येच एक ओळ आली. गाठोड्यात जाणाऱ्या प्रत्येक फाइलचा मालक पुसून तिथे शून्य घालायचं. परवानग्याही सरसकट सारख्या. वर तुमची टीप : 'या ओळीला हात लावू नये. थांग.'

का हो मामा? सोळा वर्षांची असताना तुम्हीच मला शिकवलंत की फाइलीत काय लिहिलंय हे नंतर बघायचं, आधी ती कुणी लिहिली ते बघायचं. ती ओळ काढू ना?

तुमची मिनश्वान


फंगहू, १५ मे

मिन,

तुझं पत्र मामीने आधी उघडलं. या घरात वाचायची परवानगी तिला आहे, मला नाही.

गुडघा बरा आहे. शेजाऱ्याच्या बोकडाने माझी रताळ्याची वेल खाल्ली, त्यावरून तीन दिवस भांडलो. निवृत्त माणसाला अशीच कामं उरतात.

त्या ओळीत तू समजतेस तसं काही नाही. फाइलवर मालकाचं नाव नसतं, क्रमांक असतो. आपल्या संगणकयंत्रावर जो क्रमांक माझा, तोच जिल्ह्याच्या यंत्रावर एखाद्या कारकुनाचा असतो. तिथे गाठोडं सोडलं की आपल्या फाइली त्या बिचाऱ्याच्या नावावर दिसायच्या. एकदा तसं झालं, आरडाओरडा झाला, म्हणून मी सगळीकडे शून्य घातलं. बस.

यंदापासून नियमाप्रमाणे हवं ते कर. जुनी गाठोडी मात्र सोडत बसू नकोस, त्यांच्यात धुळीखेरीज काही नाही.

सोंगपोचा उतार अजून जुआंगकडेच आहे का? सहज विचारतो.

मामा


कीलुंग, २ जून

मामा,

तुमचं ऐकायला हवं होतं.

नवा प्रोग्राम तपासायला जुनं गाठोडं हवं होतं. हाताला लागलं ते सोंगपोचं २०१६ सालचं. ते तुमच्या त्या ओळीच्या आधी बांधलेलं असावं, कारण त्यातले मालक पुसलेले नाहीत. उतारात बोअर घेऊन सोडलेली यंत्रं आपापल्या खात्यातून फाइल लिहितात, त्यामुळे सगळ्या फाइली यंत्राच्या मालकीच्या हव्यात. तशा आहेतही. फक्त सहाव्या बोअरच्या आठ महिन्यांच्या फाइली एका माणसाच्या मालकीच्या आहेत. क्रमांक एक हजार सात.

आपल्या यंत्रावर एक हजार सात म्हणजे जुआंग दादा.

फाइली उघडून पाहिल्या. बाकीच्या बोअरमध्ये आकडे खालीवर होतात, पावसात उडी मारतात. सहाव्यात आठ महिने माती जागची हललेली नाही. वादळाच्या आठवड्यातसुद्धा नाही. मामा, इतका गप्प डोंगर मी कधी पाहिलेला नाही. आणि त्याच आकड्यांवर सोंगपोला सुरक्षित असल्याचा दाखला मिळालाय. खाली त्रेचाळीस घरं आहेत.

आज जेवताना दादा समोर बसले होते. त्यांच्या डब्यातलं अंडं त्यांनी नेहमीसारखं माझ्या भातावर ठेवलं. मी ते कडेला सारलं. "पोरी, प्रेमात पडलीस की आजारी आहेस?" म्हणाले. 

सोमवारी लियाओ साहेबांना सांगायचं ठरवलंय. लपवलं तर मीही त्यातलीच झाले. तुम्हाला काही वेगळं वाटत असेल तर लगेच कळवा.

मिनश्वान


फंगहू, ६ जून

मिन,

कुणाला काही सांगू नकोस. लियाओला तर मुळीच नाही. होड्यांच्या सणाची सुट्टी घेऊन इकडे निघून ये, समोर बसून बोलू. मामीने सणाचे भाताचे मुटके बांधायला बांबूची पानं आणून ठेवलीत.

मी सांगतो म्हणून ऐक.

मामा


कीलुंग, १२ जून

मामा,

तुमचं पत्र शुक्रवारी मिळालं. मी सोमवारीच सांगून बसले होते.

लियाओ साहेब भडकतील, मलाच खोटं ठरवतील असं वाटलं होतं. ते तर हसले. चहा मागवला. "थांगची भाची शोभतेस," म्हणाले. मग दादांना बोलावलं आणि माझ्यासमोरच विचारलं, "जुआंग, या तुझ्या फाइली ना?"

दादांनी पडद्याकडे वाकून पाहिलं. म्हणाले, "मी उतारावर जातो, यंत्राची बॅटरी बदलतो, वहीत आकडा टिपतो. असल्या फाइलींना माझा कधी हात लागलेला नाही, साहेब."

"क्रमांक तर तुझा आहे."

तेव्हा दादा माझ्याकडे वळले. ओरडले नाहीत. "मिन, तुझ्या मामाला विचार," एवढंच म्हणाले. तुम्ही त्यांच्या बाजूने बोलाल असं त्यांना वाटलं असणार. तासाभरात त्यांचं टेबल रिकामं झालं. छत्री राहिली होती, मी ती घेऊन खाली पळत गेले. त्यांनी घेतली नाही.

सोंगपो आता माझ्याकडे दिलाय, पगारही वाढवलाय. मला आनंद व्हायला हवा ना? पण साहेबांनी २०१६चं ते गाठोडं पुसून टाकायला सांगितलं. 'गोंधळ नको' म्हणाले. आणि आज सहाव्या बोअरचे चालू आकडे बघायला गेले तर पडद्यावर आलं : परवानगी नाही. उतार माझा, आणि बाकी सगळे बोअर मला दिसतात. तेवढा सहावा दिसत नाही.

गाठोडं मी पुसलेलं नाही. दुसरीकडे हलवलं आणि माझं खातं सोडून सगळ्यांची वाचायची परवानगी काढून घेतली. साहेबांना पुसल्यासारखंच दिसतंय.

सणाला येता येणार नाही. सुट्टी नाकारली.

मामा, तुम्ही मला 'लियाओला मुळीच नाही' असं का लिहिलंत?

मिनश्वान


फंगहू, २० जून

मिन,

हे पत्र पाच वेळा लिहिलं आणि फाडलं. मामीला आज सकाळी सगळं सांगितलं. ती बोलत नाही.

एक हजार सात म्हणजे मी.

२०१७च्या सुरुवातीला ऑफिसचं, फाइली ठेवायचं जुनं यंत्र काढून नवं आणलं. तू त्या उन्हाळ्यात लागलीस, तुला हे माहीत असायचं कारण नाही. नव्या यंत्रावर क्रमांक नव्याने वाटले, आणि माझा जुना जुआंगला गेला. तुला पहिल्याच पत्रात मी क्रमांकांची गोष्ट सांगितली आणि नेमकी ही खाल्ली.

आता झालं ते सांगतो. २०१६च्या वसंतात सहाव्या बोअरपाशी माती सरकू लागली. महिन्याला चार मिलिमीटर, मग सहा. मी लियाओकडे गेलो. तो म्हणाला, "थांग, पावसाळ्यानंतर उताराला लोखंडी गज मारून बांधून घेणार आहोत, सगळं ठरलंय. तोवर लोकांत घबराट कशाला? एवढा मोसम आकडे जरा बसते कर." मी केले. एका मोसमाचे आठ महिने झाले. गज कधी आलेच नाहीत. पुढच्या वर्षीपासून यंत्रच असं लावून ठेवलं की सहाव्याचा खरा आकडा आत लियाओकडे जावा आणि बाहेर सपाट दिसावा. त्यानंतर मी विचारणं सोडून दिलं.

का केलं, हेही तुला कळायला हवं. त्याच वसंतात मी त्याला तुझ्या नोकरीबद्दल विचारलं होतं. तो म्हणाला होता, बघू.

मागचं काही दिसू नये म्हणून ती शून्याची ओळ घातली. पण २०१६ची गाठोडी त्याआधीच बांधली गेली, तीही माझ्या हातची नव्हती. तुझ्या आजीच्या दिवसांना मी गावी होतो, तेव्हा दुसऱ्या कुणीतरी बांधली. सर्वाधिकार असलेल्या खात्यातून बांधली की प्रोग्राम कुलपं बघत नाही, दिसेल ते उचलतो. त्यामुळे माझा एक फोल्डर त्यात गेला असणार. नाव 'सुटे कागद'. तू त्याला हातही लावला नसशील. त्यात सहाव्याचे खरे आकडे आहेत. मला ते पुसवले नव्हते.

बदललेल्या फाइलींवर माझी सही समज. जुआंगला आणि जिल्हा कार्यालयाला मी आजच रजिस्टर पत्रं टाकली आहेत, त्यांत हेच लिहिलंय.

तुझा मामा असं लिहायचा अधिकार उरला नाही. थांग चिंगफू.


कीलुंग, १ जुलै

मामा,

काय म्हणून हाक मारायची यावर दोन दिवस घालवले. दुसरी हाक तोंडात बसत नाही, म्हणून हीच.

फोल्डर उघडला. त्या वर्षी दाखल्यावर शून्य लिहिलंय, माती पाच सेंटिमीटर सरकली होती. त्याला सात वर्षं झाली.

जुआंग दादांच्या दारात गेले. तुमचं पत्र त्यांच्या हातातच होतं. "ये," म्हणाले, "खरा चोर सापडला म्हणून तू माफी मागायला आलीस आणि मी दार लावून घ्यावं, असं माझ्या बायकोचं मत आहे. पण पाऊस आहे, आत ये." मी रडले. ते म्हणाले, "रडू नंतर. माझ्या वहीतले आकडे घेऊन बसू." दर महिन्याला ते हाताने टिपायचे ती वही. ऑफिसात कुणी मागितली नव्हती. ती आणि तुमचा फोल्डर तंतोतंत जुळतात.

रविवारी दोघं सोंगपोला गेलो. वस्तीच्या प्रमुख वेइ बाई, कोपऱ्यावर त्यांचं किराण्याचं दुकान आहे. दादांना बघून थंड सोयादूध पुढे केलं, आणि ऐकून घेतल्यावर काढूनही घेतलं. "दर महिन्याला इथे येऊन माझ्या ओट्यावर बसून खायचास, तेव्हा का नाही बोललास?"

"बाई, मला वाटायचं आकडे वर पोचतायत."

"मग आज कागदावर एक आणि तोंडाने एक! आम्ही कशाला मानायचं?"

उताराला लागून असलेल्या घरांच्या क ओळीच्या मागच्या भिंतीला तडा आहे. कुणीतरी त्यावर सिमेंटने काचेची पट्टी चिकटवली होती, तडा वाढतोय का ते कळावं म्हणून. काच तुटलेली होती. बाई म्हणाल्या, पोरांनी चेंडू मारला असेल.

मी नोकरी सोडली. सोडायच्या आधी नवं गाठोडं बांधलं. खरे आकडे, बदललेले आकडे, वहीचे फोटो, प्रत्येक फाइल कुणाची ते जसंच्या तसं. परवानगी अशी ठेवली की वाचायला सगळ्यांना मोकळं, बदलायला कुणालाच नाही. जिल्हा कार्यालयाला दिलं, वस्तीतल्या प्रत्येक घराला दिलं. कार्यालय म्हणतं, तपासणीला तीन आठवडे लागतील. सहाव्याचा आजचा आकडा अजून कुणालाच दिसत नाही.

हवामान खातं म्हणतंय, पूर्वेला वादळ तयार होतंय.

मिनश्वान


फंगहू, ७ जुलै

मिन,

उद्याच्या बोटीने निघतोय. समुद्र खवळला की बोटी बंद होतील, म्हणून थांबत नाही. आकडे कुणाला कळणार? आकडे बदलणारा माणूस समोर उभा राहिला तर कदाचित ऐकतील. वेइ बाईंना सांग, सभा बोलवा.

मामी काल बोलली. "छत्री घे," म्हणाली.

थांग चिंगफू


कीलुंग, १६ जुलै

मामी,

मामा सुखरूप आहेत, हे आधी सांगते. ते कोठडीत आहेत. बाकीचं टीव्हीवर पाहिलं असेल, पण तिथे काय झालं ते माझ्याकडूनच कळावं.

अकराला दुपारी वस्तीच्या हॉलमध्ये सभा झाली. साठ-सत्तर माणसं होती. मामा पुढे गेले, टोपी काढली, म्हणाले, "सहाव्या बोअरचे आकडे मी बदलले. डोंगर चालतोय. सात वर्षं चालतोय. आजच निघा."

कुणीतरी चप्पल फेकली. ती त्यांच्या खांद्याला लागली, त्यांनी उचलून बाजूला ठेवली.

मागून एक तरुण उठला. काओ वेनचे, नूडलची गाडी चालवायचा. कडेवर लहान मुलगी होती. त्याने विचारलं, "२०१७ला घर घेताना मी तुमच्या ऑफिसला फोन केला होता. म्हटलं, उतार कसा आहे? एक माणूस म्हणाला, 'यंत्र सांगतंय हलत नाही, घ्या.' ते तुम्ही का?"

मामांनी नाही म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? ते म्हणाले, "फोनवर मीच असायचो. हो, मीच."

 मग वेइ बाई उठल्या. "खोटं बोलायला आलेला माणूस असं बोलत नाही," म्हणाल्या, आणि दुकानाला कुलूप लावायला गेल्या. त्या गेल्या म्हणून बाकीचे गेले. बारा तारखेच्या दुपारपर्यंत अडतीस घरं शाळेत मुक्कामाला आली. उरलेल्या पाचांपैकी चार पोलिसांनी उचलून आणली.

तेराला सकाळी वाऱ्याचा जोर जरा कमी झाला. काओ शाळेतून निघाला. गाडी दोराने बांधून दहा मिनिटांत येतो, असं बायकोला सांगून गेला. जुआंग दादांनी त्याला फाटकात अडवलं. ऐकेना, तेव्हा "चल, दोर मी धरतो" म्हणून तेही सोबत गेले. दहा वाजायला थोडा वेळ होता. आम्ही शाळेच्या व्हरांड्यात होतो. आधी झाडं एकमेकांवर रेलल्यासारखी वाटली, आवाज नंतर आला. क ओळ पूर्ण गेली. न निघालेल्या त्या पाचव्या घरातले म्हातारे लान आजोबा गेले. काओ गेला. दादांना दुपारी ढिगाऱ्यातून काढलं, डावा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. शुद्धीवर आल्यावर मला म्हणाले, "दोर चांगला होता गं."

मामा तिथून हलेनात. चिखलात उभे राहिले, पोलीस आले तेव्हा आपण होऊन हात पुढे केले.

लियाओ साहेब म्हणतात, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. सहाव्याच्या फाइलींवर त्यांचा क्रमांक कुठेच नाही, आणि ते खरं आहे. ते घरी आहेत.

मी रविवारी तुमच्याकडे येते. काही शिजवून ठेवू नका.

मिन


कोठडी, २४ जुलै

मिन,

हे पत्र तुझ्या आधी इथले अधिकारी वाचतील. वाचू देत. यातलं सगळं मी त्यांना सांगितलंय, पण त्यांना ते कितपत समजलं कोण जाणे. म्हणून तुला लिहितो.

काओच्या बायकोने मला भेटायची परवानगी मागितली होती. ती आली, काचेपलीकडे बसली.  वेळ संपली तशी उठून गेली. पुढच्या आठवड्याचंही नाव नोंदवून गेलीय.

सरकारी वकील मला फक्त सोंगपोचं विचारतात. आपल्याकडे उतार अकरा आहेत. २०१६ची गाठोडी अकराही एकाच दिवशी बांधली गेली, म्हणजे बाकी दहांतलेही मालक पुसले गेलेले नाहीत. ती सोडून बघायला हवीत.

तुला एक सांगितलं नव्हतं. त्या साली एका दुपारी लियाओ माझ्या टेबलाशी येऊन बसला. म्हणाला, "कसं करतोस ते मलाही दाखव, थांग. दर वेळी तुला कशाला त्रास!" मी दाखवलं. नंतर त्याने कुठे कुठे काय केलं, मला माहीत नाही. श्वेइवेइचा उतार तो स्वतः बघायचा. खाली दोनशेच्या वर घरं आहेत आणि एक बालवाडी.

जुन्या यंत्रावर लियाओचा क्रमांक एक हजार तीन होता. नव्या यंत्रावर त्याने स्वतःसाठी वेगळा घेतला, आणि तो रिकामा झाला. तू त्या उन्हाळ्यात लागलीस. तुझं खातं मीच उघडलं, पहिला मोकळा क्रमांक दिला. तुझा क्रमांक तुला पाठ आहे, मी लिहीत नाही.

श्वेइवेइचं गाठोडं सोडशील तेव्हा एकटी सोडू नकोस. जुआंग चालत येऊ शकत नसेल तर त्याच्या खाटेशी बसून सोड. वेइ बाईंना घे, सरकारी वकिलाचा माणूस घे. जुन्या यंत्राची क्रमांकांची यादी कागदावर छापलेली होती, लियाओच्या कपाटात खालच्या खणात. अजून असेल का, सांगता येत नाही. ती नसेल तर फाइलींवर तुझंच नाव दिसणार, तू तेव्हा नोकरीत नव्हतीस म्हटलं तर लियाओ म्हणेल की मागून तूच बदललंस, आणि तुझ्या बाजूने बोलायला कोठडीतला एक कबुलीबाज मामा उरणार.

तरीही गाठोडं उघड, मिन. जुआंगच्या वेळी आपण नाव बघून थांबलो. या वेळी थांबू नकोस.

पहारेकरी सांगत होता, पूर्वेच्या दुसऱ्या वादळाला आज नाव दिलं.

थांग चिंगफू